खापरपणजीच्या ट्रंकेतले कागद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली तेव्हा मला मोडीचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. आत खारव्याच्या रुमालात बांधलेल्या चार लांबट वह्या होत्या, सुतळीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा होता आणि तळाशी, कुंकवाच्या करंड्याखाली, घडी घातलेला एक कागद होता. माझी खापरपणजी १८५५च्या सुमारास जन्मली आणि नवव्या-दहाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली. तिचा फोटो नाही. तिच्यासाठी मी मोडी शिकले. आता इतरांच्या घरातले असे कागदही वाचून देते, आणि विचारले जाणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या बाईचे म्हणून घरात कागद असायचे तरी कुठले?

तिच्या नावावर फार थोडे, तिच्याविषयीचे मात्र भरपूर. लग्नाची यादी, म्हणजे दोन्ही घरांनी काय द्यायचं-घ्यायचं ते ठरवून लिहिलेला कागद. आहेराची वही. दागिन्यांचं टाचण आणि सोनाराचा हिशेब. माहेरची पत्रं. मुलांची जन्मटिपणं. बाळंतपणाच्या सामानाची यादी, काढ्यांचे आणि व्रतकथांचे उतारे, उसनवारीच्या चिठ्ठ्या. नवरा गेला असेल तर पोटगीचा करार, दत्तकपत्र, कोर्टातल्या अर्जाची नक्कल. आणि या सगळ्याच्या खाली वर्षानुवर्षांचा घरखर्च.

ट्रंक उघडली की लोक आधी खरेदीखतं, सनदा आणि इनामाचे कागद वेगळे काढतात. बाकीचा गठ्ठा ‘किरकोळ’ म्हणून रद्दीच्या वाटेला लागतो. माझी कळकळीची विनंती आहे की तो किरकोळ गठ्ठा आधी उघडा. जमिनीच्या कागदाची नक्कल बऱ्याचदा सरकारी दप्तरात सापडते. कुणाच्या बाळंतपणात किती खारीक आणली, याची नक्कल जगात दुसरीकडे कुठेही नसते.

आमच्याकडे फक्त जमाखर्चाच्या वह्या आहेत, त्याही खापरपणजोबांच्या हातच्या. त्यात ती कुठे सापडणार?

जवळपास प्रत्येक पानावर. तिचं नाव शोधू नका, तिच्या हालचाली शोधा.

रोजकीर्दीत दिवसाचा जमा आणि दिवसाचा खर्च लिहिलेला असतो. त्यात ‘मुराळी’ हा शब्द दिसला की थांबा. मुराळी म्हणजे माहेरहून न्यायला आलेला माणूस, भाऊ नाहीतर घरचा गडी. ‘मुराळी यास शिधा’ अशी नोंद आली की ती त्या दिवसाच्या आगेमागे माहेरी निघाली. त्यानंतर काही महिने कासाराच्या बांगड्या नाहीत, चोळखण नाही. मग एक दिवस ‘बोळवण’ दिसते, म्हणजे माहेरच्यांनी लुगडं-चोळी देऊन परत पाठवली आणि सोबत आलेल्याचा इथे मान झाला. या दोन नोंदींच्या मध्ये ती कुठे होती ते वहीत लिहिलेलं नाही, तरी वहीनंच सांगितलेलं असतं.

आमच्या वहीत अशा दोन फेऱ्या लांब आहेत, पाच-सहा महिन्यांच्या. पहिल्या फेरीत मध्येच ‘साखर वाटली’ अशी नोंद आहे. तो पहिला मुलगा. दुसऱ्या फेरीत साखर नाही. फक्त ‘बाळंतविडा पाठविला’ एवढीच ओळ आहे आणि तीही जत्रेच्या खर्चाखाली दाटीवाटीनं लिहिलेली. त्या ओळीवर मी कितीतरी वेळ बोट ठेवून बसले होते. ती मुलगी होती. पुढच्या वहीत तिच्यासाठी एक परकराचं कापड येतं, त्यावरून खात्री झाली.

आता दुष्काळाचं पाहा. शके १७९८ आणि १७९९, म्हणजे १८७६ ते १८७८, ही दख्खनच्या मोठ्या दुष्काळाची वर्षं. पुणे, सातारा, नगर, सोलापूर हे जिल्हे त्यात होरपळले. आमच्या वहीत त्या काळात जोंधळा दर खेपेला कमी मापानं येतो, तूप तुटक होत जातं, आणि फाल्गुनात ‘पाटल्या जोड १ गहाण’ अशी जमेची नोंद आहे. जमेच्या बाजूला, कारण पैसे घरात आले. पाटल्या कुणाच्या ते वहीत नाही. लग्नाच्या यादीत मात्र त्याच वजनाचा एक जोड माहेरकडून आलेला आहे. म्हणून सांगते, वही एकटी वाचू नका, यादी शेजारी ठेवून वाचा. पाटल्या सोडवून आणल्याची नोंद शोधत मी चारही वह्या पुन्हा वाचून काढल्या. ती नाही.

आमचे कागद मोडीत आहेत की बाळबोधीत, हे कसं ओळखायचं?

ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग आडवी रेघ असेल आणि तिच्याखाली अक्षरं लोंबकळल्यासारखी, एकमेकांत गुंतलेली असतील, तर मोडी. आधी रेघ मारायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचं, अशी ती पद्धत. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. बाळबोध म्हणजे आपली नेहमीची देवनागरी.

घाबरू नका. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवत होते, ही काही गूढ विद्या नाही. छापील मोडी काही आठवड्यांत वाचता येते. घरगुती हाताला मात्र प्रत्येक वेळी नव्यानं सरावावं लागतं, कारण घाईत लिहिणाऱ्या माणसाचं वळण त्याचं एकट्याचं असतं. एकाच हाताची वीस-तीस पानं वाचली की गाडी रुळावर येते. वर्षभराचा घरखर्च हा सरावासाठी उत्तम, कारण तेच तेच शब्द येतात : तांदूळ, तूप, वाती, न्हावी, परीट. शब्द अडला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे, म्हणजे तुमच्या कागदांच्याच काळातली. आजच्या कोशांतून गळून गेलेले स्वयंपाकघरातले आणि व्यवहारातले पुष्कळ शब्द त्यात मिळतात.

पत्राखाली तिचं नाव आहे. म्हणजे पत्र तिनं लिहिलं असं समजायचं का?

लगेच नाही. बहुतेक बायका पत्र सांगत आणि दीर, मुलगा, भटजी किंवा शेजारचा लिहिता मुलगा ते उतरवून घेई. सांगताना समोर माणूस आहे हे तिला माहीत असे. सासरबद्दल काय सांगायचं आणि काय गिळायचं, हे त्यावर ठरे. म्हणून हात कुणाचा हे आधी बघा. तोच हात जमाखर्चात दिसला, तर पत्र घरातल्या पुरुषानं लिहिलेलं आहे.

‘दस्तुर खुद्द’ म्हणजे स्वतःच्या हाताची सही. करारांवर लिहिता न येणाऱ्याची ‘निशाणी’ असते. शेतकरी नांगर काढत, बाईच्या नावापुढे बांगडी काढलेली सापडते. नुसतं एक गोल वर्तुळ. ती शाईची चूक समजून सोडून देऊ नका.

स्वतः लिहायला शिकलेल्या मुली बहुधा छापील पुस्तकांवर शिकल्या, म्हणून त्यांचं अक्षर बऱ्याचदा बाळबोध असतं. मोडीच्या गठ्ठ्यात एखादा बाळबोध कागद, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ मारलेला, बोलल्यासारखा लिहिलेला दिसला, तर तो सगळ्यात वर ठेवा.

पाकीट की कार्ड, हेही पाहा. पाव आण्याचं पोस्टकार्ड जुलै १८७९मध्ये आलं. पत्र स्वस्त झालं, पण उघडं झालं. पोस्टमनपासून सासऱ्यापर्यंत सगळ्यांनी वाचून मग ते स्वयंपाकघरात पोचायचं. कार्डावर सगळे ‘क्षेम’ असतात. एकाच गठ्ठ्यातलं बंद पाकीट आणि कार्ड शेजारी ठेवून वाचा, बोलण्यातला फरक लगेच जाणवतो.

चि., सौ., गं. भा., ती. यांचा अर्थ काय?

ही नुसती शिष्टाचाराची अक्षरं नाहीत, त्यांतून बाईची अवस्था कळते. ‘चि.’ चिरंजीव, वयानं लहान. ‘ती.’ तीर्थरूप किंवा तीर्थस्वरूप, मोठ्यांसाठी. ‘सौ.’ सौभाग्यवती, आणि जुन्या पत्रांत ‘वज्रचुडेमंडित’ असंही लिहीत : जिच्या हातातला चुडा वज्रासारखा अभंग राहो. विधवेला ‘गंगाभागीरथी’, थोडक्यात ‘गं. भा.’.

आमच्या गठ्ठ्यात तिच्या भावाची पत्रं आहेत. सोळा पत्रांचा मायना ‘चि. सौ.’ आहे. सतराव्याचा ‘चि. गंगाभागीरथी’. मधलं, बातमीचं पत्र नाही. अशी पत्रं घरात ठेवत नसत. घरातल्या कुणालाही तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचं साल माहीत नव्हतं. ते मायन्यातल्या दोन शब्दांवरून, दोन तारखांच्या मध्ये पकडता आलं.

शके, संवत्सर, शुद्ध, वद्य... यावरून इसवी सन कसा काढायचा?

शकाच्या आकड्यात ७८ मिळवा. पण मराठी वर्ष पाडव्याला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तिथी असतील, म्हणजे पौषाचा उरलेला भाग, माघ, फाल्गुन, तर ७९ मिळवा. ‘शके १७९८ धाता नाम संवत्सरे फाल्गुन वद्य ५’ म्हणजे १८७६ नव्हे, मार्च १८७७. बहुतेकांची चूक नेमकी इथे होते.

संवत्सराचं नाव म्हणजे फुकटात मिळालेला पडताळा. साठ नावांचं चक्र आहे. शके १७८९ प्रभव, तिथून ओळीनं मोजलं की १७९८ धाता, १७९९ ईश्वर, १८०० बहुधान्य. आकडा पुसट असेल आणि नाव वाचता आलं, तर साल पक्कं. जुन्या सरकारी पद्धतीच्या कागदांवर फसली सन, म्हणजे शेतसाऱ्याचं वर्ष, असतो. त्यात आपल्याकडे ५९० मिळवतात आणि तो जूनमध्ये, मृगाला बदलतो. घरगुती कागदांत तो क्वचितच दिसतो.

आकड्यांपुढे उभ्या-आडव्या रेघा आहेत. त्या काय?

रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढच्या आडव्या किंवा तिरप्या बारीक रेघा म्हणजे आणे. ‘३॥’ म्हणजे साडेतीन. तेच दोन दंड अक्षरापुढे आले तर मात्र अर्धा नव्हे, शब्द तोडल्याची खूण : ‘मौ॥’ म्हणजे मौजे, गाव. एवढं लक्षात ठेवलं की निम्मी अडचण सुटते.

सोनं : ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. धान्य : २ चिपट्यांचं मापटं, २ मापट्यांचा शेर, ४ शेरांची पायली, २० मणांची खंडी. पायल्यांचा मण कुठे १२चा, कुठे १६चा, म्हणून गाव बदललं की माप तपासा. घरातली पितळी पायली अजून असेल तर तांदूळ भरून किलोत मोजून बघा. ‘महिना जोंधळे इतक्या पायल्या’ हा आकडा एकदा परातीत ओतून पाहिला, की रोज पहाटे जात्यावर किती दळण पडत होतं ते हातांना कळतं.

तिचं नाव कुठेच नाही, किंवा दोन वेगळी नावं आहेत. ती दोन बायका आहेत का?

बहुधा एकच. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहीत आणि माहेरचं नाव माहेरीच राही. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरची यमुना. रमाबाई रानडेही माहेरची यमुना, कुर्लेकरांची. भावाच्या पत्रात एक नाव आणि सासऱ्याच्या कागदात दुसरं, हे अगदी स्वाभाविक आहे. माहेरचं नाव जन्मपत्रिकेत किंवा भावंडांच्या पत्रात शोधा.

नवऱ्याचं नाव ती घेत नसे, तोही तिचं घेत नसे. ‘इकडून आज्ञा झाली’, ‘तिकडून येणं झालं’, ‘स्वारी गावाला गेली’, अशी बिनकर्त्याची वाक्यं दिसली की कर्ता नवरा आहे. त्याच्या बाजूनं ‘घरात विचारून कळवितो’ असं आलं, तर ते ‘घरात’ म्हणजे ती.

बाळंतपण, आजारपण, खाणंपिणं यांबद्दल काय मिळतं?

उघड शब्दांत थोडं. पाळीला ‘दूर’ किंवा ‘बाहेर’, पहिल्या पाळीला ‘न्हाण आलं’, गरोदरपणाला ‘दिवस गेले’. नववं-दहावं वर्ष लग्नाचं आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी पहिलं बाळंतपण, हे त्या काळी सर्रास होतं. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. संमतीवयाच्या १८९१च्या कायद्यानं मुलीशी शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहावरून बारा केली, तेवढ्यावरून केवढं वादळ उठलं होतं! हे ध्यानात ठेवून तारखा मांडा. तुमच्या वहीतली ‘सुईण, लुगडं १’ ही नोंद ज्या बाईसाठी आहे ती बहुतेक आजच्या आठवी-नववीतल्या मुलीच्या वयाची असेल.

यादीतल्या जिनसांवरूनही पुष्कळ कळतं. डिंक, खारीक, सुंठ, पिंपळमूळ, अळीव, बाळंतशेपा एकत्र आले, की घरात बाळंतीण आहे. वेखंड, मुरुडशेंग, मायफळ, हळकुंड ही बाळाची गुटी. त्याच यादीच्या पाठोपाठ दोनच आठवड्यांत ही जिनसं थांबली आणि पुन्हा दिसली नाहीत, तर काय झालं असेल ते मी सांगायला नको.

पाककृती मात्र शोधत बसू नका. मराठीत छापील ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघालं ते रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं. घरातल्या बाईला पुरणाचं प्रमाण लिहून ठेवायची गरज नव्हती, ते तिच्या हातात होतं. सापडतील त्या पंगतीच्या याद्या, शंभर पानांना डाळ किती, गूळ किती.

विधवा झाल्यावर कागदांत काय बदलतं?

आधी वस्तू थांबतात. बांगड्या, काजळ, रंगीत खण यांची नोंद एका तारखेनंतर संपते. त्यांच्या जागी न्हाव्याची वेगळी नोंद आणि ‘आलवण’, म्हणजे केशवपन केलेल्या बाईचं लाल लुगडं. वहीतली ही दोन पानं समोरासमोर पाहणं सोपं नाही.

पण याच काळात पहिल्यांदा तिचं पूर्ण नाव कागदावर येतं, अमक्याची विधवा म्हणून : पोटगी, दत्तक, वाटणी. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, तरी उच्चवर्णीय घरांत तो कागदावरच राहिला. विधवांना ठेवून शिकवणारं पंडिता रमाबाईंचं शारदासदन १८८९मध्ये, धोंडो केशव कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम १८९६मध्ये. १८९०च्या दशकातल्या पत्रांत ‘तिला पुण्यास ठेवण्याविषयी’ अशी कुजबुज सापडली तर हे संदर्भ हाताशी ठेवा.

आमच्या घरात लिहिणारं कुणीच नव्हतं. मग आमच्या पणजीचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. कागद टिकले ते लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांचे, आणि लेखणी मूठभर जातींच्या घरांत होती. तरी दोन वाटा आहेत.

पहिली, दुसऱ्यांच्या वह्या. सुईण, कासारीण, दळणाला येणारी, शेण-गोठा करणारी, कुणबीण म्हणजे घरची दासी, सगळ्या या खर्चाच्या पानांवर आहेत. कधी नावानं, बहुधा नुसत्या कामानं. मी वाचून देते त्या प्रत्येक वहीत अशा नोंदी वेगळ्या उतरवून ठेवते. एका घराचा खर्च म्हणजे दुसऱ्या चार घरांची मिळकत.

दुसरी वाट जात्यावरच्या ओव्यांची. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. लिहिता न येणाऱ्या बायकांनी आई, भाऊ, सासर, पाऊस, पंढरी यांबद्दल पिढ्यान्‌पिढ्या जे सांगितलं ते तिथे आहे. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर कागद शोधण्याआधी त्यांच्यापाशी बसा.

त्या काळातल्या बाईनं स्वतः लिहिलेलं वाचायचं तर कुठून सुरुवात करू?

सावित्रीबाई फुल्यांच्या जोतीरावांना लिहिलेल्या तीन पत्रांपासून : १८५६, १८६८ आणि १८७७. पहिलं नायगावहून, आजारपणात माहेरी असताना. भावानं त्यांच्या कामाला नावं ठेवली आणि त्यांनी त्याला काय उत्तर दिलं, ते त्यात आहे. तिसरं जुन्नरजवळच्या ओतूरहून, दुष्काळातलं. मी आमची वही आणि ते पत्र एकाच दिवशी वाचलं. दोन्ही त्याच हंगामातली, एकात पाटल्या आणि एकात उपाशी माणसं.

आनंदीबाईंच्या पत्रांत घराच्या आतलं बोलणं आहे. नवऱ्यानं लहानपणी दिलेला मार, फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं यांची त्या त्याला अमेरिकेतून आठवण देतात, आणि शिक्षणाचं श्रेयही त्यालाच देतात. दोन्ही एकाच पत्रात. रमाबाई रानड्यांच्या १९१०मध्ये निघालेल्या आठवणींत, इंग्रजी शिकते म्हणून घरातल्याच बायका कशा बोलत, ते आहे. आमच्या पणज्या काय गिळत होत्या ते या लेखनातून कळतं.

कागद जपायचे कसे?

लॅमिनेशन अजिबात करू नका. आमच्याच नात्यात एकानं प्रेमापोटी आजेसासूची पत्रिका लॅमिनेट करून आणली. आता ती आत पिवळी पडते आहे आणि बाहेर काढता येत नाही. चिकटपट्टीही नको.

जुनी काजळीची शाई पाण्यानं पसरते, म्हणून ओलं फडकं लावायचं नाही, जिभेला बोट लावून पान उलटायचं नाही. घडी आपोआप उलगडेल तेवढीच उलगडा. घडीत चमचमणारे बारीक कण दिसले तर ती वाळू आहे, ओली शाई टिपायला टाकलेली. मऊ ब्रशनं झटकून एका कागदात ठेवा. सुती कापडात बांधा, कापडात वेखंडाची पुरचुंडी ठेवा, ती कागदाला टेकू देऊ नका. प्लॅस्टिकची पिशवी पावसाळ्यात घाम धरते. फोटो उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी पट्टी ठेवून काढा. आणि कुठला कागद कुठल्या कागदाच्या आत होता, ते हलवण्याआधी लिहून ठेवा. तो क्रम तिनं किंवा तिच्यामागे कुणीतरी लावलेला असतो.

संस्थेला द्यावेत का?

वाटण्यांत तुकडे होणार असतील तर नक्की द्या. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून असे कागद सांभाळतं, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, शिवाय पुणे-मुंबईची सरकारी पुराभिलेखागारं आहेत. देताना ‘किरकोळ’ गठ्ठा वगळू नका आणि प्रत्येक पानाचे फोटो घरी ठेवा.

काही लाजिरवाणं सापडलं तर?

सापडेलच. शिवाशिवीचे प्रायश्चित्त, कुणाला तरी टाकून दिल्याचं पत्र, कोवळ्या मुलीसाठी पन्नाशीचं स्थळ. जाळू नका. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचा तोच एक पुरावा असतो. हयात माणसांचं नाव त्यात गुंतलं असेल तर तेवढा भाग बाहेर दाखवू नका, घरात मात्र मोठ्यांशी बोला. मला दोनदा असं दिसलं, की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला ते आधीपासून ठाऊक होतं.

तुमच्या ट्रंकेच्या तळाशी जो घडीचा कागद होता, त्यात काय निघालं?

बाळबोध अक्षर, ठसठशीत, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ. वर ‘श्री’. खाली शेजारच्या घरी लग्नाला उसन्या दिलेल्या भांड्यांची यादी : पातेली ४, ताटं १२, वाट्या २४, घंगाळ १, झारी १, परात मोठी १. प्रत्येकापुढे नंतर, फिकट शाईनं, ‘आले’, ‘आली’, ‘आल्या’ असं लिहिलेलं. सगळ्यात शेवटची ओळ ‘तांब्या १ लहान माझ्या आईचा’. त्या ओळीपुढे काही लिहिलेलं नाही.